शालेय नेतृत्व : मान आणि जबाबदारी

(महाजन-पाल्यांच्या गुणगौरव समारंभातील व्याख्यान)



श्रींच्या कृपाछत्राखाली भरलेल्या या समारंभात ज्या मुलामुलींचा गौरव होत आहे, त्यांत परीक्षेत उज्ज्वल यश संपादन करणारे आहेत, क्रीडा आणि संगीत या क्षेत्रांत चमकलेले आहेत. त्याचप्रमाणे आपापल्या शाळेत वर्गप्रमुख, शालाप्रमुख, विद्यार्थी मंडळाचे चिटणीस अशी पदे सांभाळलेलेही आहेत. परीक्षेतील यश गुणपत्रिकेवर दिसते. क्रीडेतील यश ढाल-करंडकाच्या रूपाने घरच्या कपाटात दिसते. परंतु वर्षभर पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याने नेमके काय मिळविले, याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. बिल्ला वर्षअखेरीस परत करावा लागतो, आणि प्रमाणपत्रावर पदाचे नाव असते, पदाने दिलेली शिकवण नसते. ती शिकवण कोणती, याचा थोडा विचार या प्रसंगी व्हावा, हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

वर्गप्रमुख ही संस्था सर्वांच्या इतक्या परिचयाची आहे की तिला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान भारतातच लिहिले गेले. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश धर्मोपदेशक १७८७ साली मद्रासला आले आणि १७८९ पासून एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी काढलेल्या शाळेची व्यवस्था पाहू लागले. मुले पुष्कळ आणि शिक्षक थोडे, तेही कामात फारसा रस नसलेले, अशी तेथील स्थिती होती. एका देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत असलेली बेल यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत सुरू करण्यास सांगितले. शिक्षकांनी ते मनावर घेतले नाही. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्किन या अवघ्या आठ वर्षांच्या मुलावर धाकट्या वर्गाला अक्षरे शिकविण्याचे काम सोपविले. जे मोठ्यांनी टाळले, ते त्या मुलाने करून दाखविले. या प्रयोगाचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला छापला गेला आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने तो इंग्लंडभर गाजला. जोसेफ लँकेस्टर यांनी १७९८ च्या सुमारास लंडनमध्ये याच धर्तीवर शाळा काढली. एक शिक्षक, त्याच्या हाताखाली निवडक विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्यांच्या हाताखाली शेकडो मुले, अशी ती रचना होती. ‘मॉनिटर’ हा शब्द शाळाशाळांत रूढ झाला तो या रचनेमुळे. मात्र त्यामागील कल्पना आपल्याकडे मुळीच अपरिचित नव्हती. पंतोजींच्या शाळेतही मोठी मुले धाकट्यांना अक्षरे घोटवीत आणि पाढे म्हणवून घेत.

तात्पर्य, वर्गप्रमुखपणाचा उगम हुकूम सोडण्यात नाही. आपल्याला जे येते ते दुसऱ्यास देणे, यात तो आहे. पण त्याच इतिहासात एक इशाराही दडलेला आहे. लँकेस्टर यांच्या शाळेत मारझोडीला फाटा दिला होता. तथापि अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकविणे, त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे, असल्या मानहानीच्या शिक्षा तेथे होत्या. मुलांवर देखरेख करणारे आणि त्यांचे अपराध वर कळविणारे मॉनिटरही मुलेच होती. म्हणजे ज्या पदाने आठ वर्षांच्या मुलाला गुरू बनविले, तेच पद मुलाला पहारेकरीही बनवू शकते. कोणता मार्ग धरायचा, हे ठरविण्याची वेळ प्रत्येक वर्गप्रमुखावर येते, आणि ती बहुधा पहिल्याच आठवड्यात येते.

शिक्षक वर्गाबाहेर गेलेले असतात. बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहावयाची असतात. वर्गप्रमुखाच्या हाती खडू असतो, आणि सर्वांत मोठ्याने बोलत असतो तो नेमका त्याचा जिवलग मित्र. नाव लिहिले तर मैत्री दुखावते, न लिहिले तर उरलेल्या मुलांचा विश्वास जातो. मोठ्या माणसांना हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. परंतु न्याय म्हणजे काय, हा प्रश्न आयुष्यात प्रथम पडतो तो अशाच वेळी. जो मित्राचे नाव गाळतो आणि नावडत्या मुलाचे नाव ठळक लिहितो, त्याचा बिल्ला वर्षभर छातीवर राहिला तरी वर्गाच्या मनातून तो त्याच दिवशी उतरतो. उलट, जो आधी मित्राजवळ जाऊन हळू आवाजात त्याला सावध करतो, आणि तरीही तो न ऐकल्यास इतरांप्रमाणेच त्याचेही नाव लिहितो, त्याने निःपक्षपातीपणाचा पहिला धडा घेतलेला असतो.

या धड्याचे सर्वांत हृद्य उदाहरण दूरच्या पोलंड देशातील आहे. यानुश कोर्चाक हे बालरोगतज्ज्ञ आणि लेखक १९१२ पासून वॉर्सा येथे ज्यू मुलांचे एक अनाथाश्रम चालवीत. तेथे त्यांनी मुलांचे न्यायालय स्थापन केले. कोणत्याही मुलाला कोणाही विरुद्ध तक्रार मांडता येई. त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही खटला नाही, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. त्या न्यायालयाच्या संहितेतील पहिली नव्याण्णव कलमे समजून घेण्याची, सोडून देण्याची आणि क्षमा करण्याची होती. कठोर कलमे त्यानंतर शंभराच्या टप्प्यांनी येत आणि आश्रमातून काढून टाकण्याचे कलम अगदी शेवटचे, हजारावे होते. विशेष हे की या न्यायालयापुढे स्वतः कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा उभे राहिले. रागाच्या भरात एका मुलाला चापट मारली, एका मुलीवर चोरीचा खोटा संशय घेतला, अशा स्वतःच्या चुका त्यांनी आपण होऊन मुलांपुढे मांडल्या आणि मुलांनी दिलेला निर्णय मानला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्या आश्रमातील सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेले. कोर्चाक यांना स्वतःचा जीव वाचविण्याच्या संधी आल्या होत्या. त्यांनी मुलांची साथ सोडली नाही.

त्या न्यायालयातील मुलांनी दोन गोष्टी शिकून घेतल्या. ज्याला न्याय द्यावयाचा आहे त्याचे अगोदर ऐकून घ्यावे लागते, ही एक. आणि नियम सर्वांना सारखा असतो, तो करणाऱ्यालाही असतो, ही दुसरी. जो वर्गप्रमुख स्वतः उशिरा येतो आणि उशिरा येणाऱ्यांची यादी करतो, त्याने या दुसऱ्या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

निःपक्षपातीपणाइतकीच कठीण दुसरी शिकवण म्हणजे दोघांच्या मध्ये उभे राहणे. विद्यार्थी प्रतिनिधी एकाच वेळी शिक्षकांचा असतो आणि मुलांचाही असतो. शिक्षकांचे म्हणणे मुलांपर्यंत पोचविणे सोपे. मुलांचे गाऱ्हाणे शिक्षकांपर्यंत नेणे मात्र धैर्याचे काम. गाऱ्हाणे नेताना शब्द सौम्य हवेत, पण आशय सौम्य होता कामा नये. पाण्याची टाकी महिनाभर धुतली गेली नसेल, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसेल, वर्गातील एखाद्या मुलाला सर्वजण चिडवीत असतील, तर ते मुख्याध्यापकांसमोर नम्रपणे आणि स्पष्टपणे सांगणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य होय. तेथे गप्प बसणारा प्रतिनिधी शिस्तप्रिय ठरत नाही. त्याने आपले काम टाळलेले असते, एवढेच.

राजस्थानातील तिलोनिया परिसरात या शिकवणीचा एक उल्लेखनीय प्रयोग झाला. दिवसा गुरे राखणाऱ्या व घरकाम करणाऱ्या मुलांसाठी तेथील ‘बेअरफूट कॉलेज’ या संस्थेने रात्रशाळा चालविल्या. त्या शाळांतील ६ ते १४ वर्षांच्या मुलांनी १९९३ पासून मतदानाने आपली बालसंसद निवडली. तिचे प्रधानमंत्री आणि मंत्री मुलेच होती, आणि त्यांत शेळ्या चारणाऱ्या मुलीही होत्या. शाळेत शिक्षक वेळेवर येतात की नाही, कंदील पेटतात की नाही, पिण्याचे पाणी आहे की नाही, याची पाहणी ही मुले करीत आणि उणिवा जबाबदार मोठ्या माणसांपुढे मांडीत. ज्या घरांत मुलींनी वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडण्याची चाल नव्हती, त्या घरांतील मुलगी चार माणसांपुढे उभी राहून आपल्या शाळेला कंदील मागू लागली. मागितले ते स्वतःसाठी मागितले नाही, म्हणूनच तिला ते मागण्याचे बळ आले. मुलांचे म्हणणे ऐकून घेतले जावे, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली संमत केलेल्या बालहक्क संहितेतही अंतर्भूत आहे. परंतु संहितेतील तत्त्व प्रत्यक्षात उतरते ते अशा एखाद्या मुलीच्या धिटाईमुळे.

तिसरी शिकवण श्रमाची. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करणारा विद्यार्थी सर्वांना दिसतो. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणारा, सतरंज्या झाडून घड्या घालणारा आणि शेवटचा दिवा मालवून घरी जाणारा विद्यार्थी फार थोड्यांना दिसतो. हे दोन्ही विद्यार्थी एकच असतील, तर ते नेतृत्व खरे मानावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सातारा येथे सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आणि दळण, स्वयंपाक, झाडलोट ही कामे स्वतः करीत. सेवाग्रामच्या नई तालीम विद्यालयात मुलांच्या सभेतून ठराविक मुदतीसाठी मंत्री निवडले जात. स्वच्छतेचा मंत्री आणि स्वयंपाकघराचा मंत्री ही तेथील महत्त्वाची खाती होती. स्वच्छतेच्या मंत्र्याने प्रथम झाडू हाती घ्यावयाचा, आणि मुदत संपताच आपल्या कामाचा वृत्तांत सभेपुढे ठेवावयाचा, असा तेथील रिवाज होता. अंमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या त्यांच्या अपरोक्ष झाडून ठेवीत, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्यांनी मुलांना स्वच्छतेवर किती व्याख्याने दिली, याची आठवण कोणी काढत नाही. त्यांच्या हातातील झाडूची आठवण मात्र पिढ्यान् पिढ्या निघते.

चौथी शिकवण हिशेबाची होय, आणि महाजन मंडळींना ती विशेष जवळची वाटेल. वर्गाच्या सहलीसाठी प्रत्येकाकडून वर्गणी गोळा होते. पैसे जमविणारा विद्यार्थी प्रामाणिक असतोच. पण प्रामाणिक असणे आणि हिशेब चोख ठेवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोणाकडून किती आले, बससाठी किती दिले, फराळावर किती खर्च झाला, उरले किती आणि ते कोणाकडे आहे, हे त्याच दिवशी वहीत लिहिले नाही, तर आठवड्याने स्मरण दगा देते आणि महिन्याने कुजबूज सुरू होते. उरलेली रक्कम अगदी किरकोळ असली तरी ती वर्गाची असते. ती कशासाठी वापरावयाची, हे वर्गाला विचारून ठरवावे लागते. ज्या विद्यार्थ्याने सहलीनंतर पूर्ण हिशेब लिहून वर्गाच्या भिंतीवर लावला, त्याच्यावर पुढे कोणीही डोळे मिटून विश्वास ठेवील. आणि गंमत अशी की, तसा डोळे मिटून विश्वास ठेवण्याची वेळ तो कोणावर आणणारच नाही.

गोव्यातील देवस्थानांचा कारभार ज्या १९३३ च्या नियमावलीखाली चालतो, तिच्यानुसार दर तीन वर्षांनी महाजनांतून समिती निवडली जाते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार ही पदे महाजन कुटुंबांतील मुलांनी लहानपणापासून ऐकलेली असतात. श्रींचे अलंकार, जमिनींचे उत्पन्न, उत्सवाचा खर्च, भक्तांनी वाहिलेली दक्षिणा या सर्वांचा विश्वस्त म्हणून काम करणारी माणसे पुढील काळात याच मुलांतून येणार आहेत. समितीत मतभेद झाले, कागदपत्रे वेळेवर मिळाली नाहीत, हिशेबाला विलंब लागला, म्हणजे एकाच कुळातील माणसे परस्परांशी बोलेनाशी होतात आणि एकाच पालखीला खांदा देणारे हात न्यायालयात समोरासमोर येतात. हे दुःख अनेक ठिकाणच्या महाजनांच्या परिचयाचे आहे. त्यावर कायद्याचा उपाय असतो आणि तो आवश्यकही असतो. पण त्याहून मुळाशी जाणारा उपाय म्हणजे वहीत त्याच दिवशी नोंद करण्याची आणि सर्वांसमोर हिशेब ठेवण्याची लहानपणी जडलेली सवय. सहलीची वही आणि देवस्थानची कीर्द यांत अंतर आकड्यांचे आहे, वृत्तीचे नाही.

पाचवी आणि शेवटची शिकवण पद सोडण्याची. शाळेतील पद वर्षभराचे असते, हे त्याचे मोठे भाग्य. जूनमध्ये ज्याच्या शब्दावर रांग उभी राहते, त्याला पुढल्या जूनमध्ये रांगेत उभे राहावे लागते. हा बदल ज्याला हसतमुखाने पचविता येतो, त्याला पदाचा अर्थ कळला असे समजावे. आपल्यामागून येणाऱ्या मुलाला कामाची माहिती देणे, वह्या-किल्ल्या नीट सुपूर्द करणे, कोणत्या मुलाला मदतीची गरज आहे हे कानावर घालणे, आणि मग त्याच्या कामात लुडबूड न करणे, हीही एक विद्या आहे. आपल्यावाचून वर्ग अडला, यात ज्याला अभिमान वाटतो, त्याने वर्षभर स्वतःलाच मोठे केले. आपल्यामागे वर्ग सुरळीत चालला, यात ज्याला समाधान वाटते, त्याने वर्ग घडविला.

या ठिकाणी निवडणुकीत हरलेल्या मुलांचाही उल्लेख व्हावयास हवा, कारण गौरवाच्या यादीत त्यांची नावे कधीच येत नाहीत. शालाप्रमुखपदासाठी दोघे-तिघे उभे राहतात आणि एक निवडला जातो. उरलेल्यांपैकी जो विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी विजयी मित्राला ‘तुला कोणते काम हवे, सांग’ असे विचारतो, त्याने पदावाचूनच नेतृत्वाचा मोठा धडा गिरविलेला असतो. समाजातील बहुतेक कामे अशाच पद नसलेल्या माणसांच्या हातांनी होतात. उत्सवाच्या पहाटे सडा घालणाऱ्या, महाप्रसादाच्या पंगतीत वाढणाऱ्या, पालखीपुढे दिवटी धरणाऱ्या हातांची नावे कोणत्या समितीच्या फलकावर असतात?

पालकांसाठीही दोन शब्द आवश्यक आहेत. हल्ली अनेक शाळांत विद्यार्थी मंडळाचा शपथविधी थाटामाटाने होतो. खांद्यावरून पट्टा, छातीवर बिल्ला, संचलन, छायाचित्रे असा सोहळा होतो, आणि त्यात काही वावगे नाही. मुलांना पदाचे गांभीर्य त्यातून कळू शकते. परंतु त्या दिवशीचे छायाचित्र घरोघर पोचते आणि उरलेल्या वर्षाची चौकशी कोणी करीत नाही, असे होऊ नये. पद न मिळाल्यास शाळेत जाऊन वाद घालणारे पालक मुलाला नकळत शिकवितात की मान हा मागून घ्यावयाचा असतो. उलट, संध्याकाळी घरी आलेल्या वर्गप्रमुखाला ‘आज वर्गात कोणाला तुझा उपयोग झाला?’ असे विचारणारी आई त्याला बिल्ल्याचा अर्थ समजावून देत असते. मुलगा आणि मुलगी यांत या बाबतीत भेद करण्याचे दिवस गेले आहेत, हेही ध्यानी घ्यावयास हवे. शाळा चालवून दाखविणाऱ्या मुलीला घरच्या निर्णयात मत विचारले जात नसेल, तर शाळेने दिलेला धडा उंबरठ्यावरच थांबतो.

देवळात ‘मान’ या शब्दाला मोठे वजन आहे. आरतीचा मान, पालखीचा मान, नारळाचा मान परंपरेने ज्या त्या घराण्याकडे चालत येतो. परंतु जाणत्या घरांतून मुलांना हेही सांगितले जाते की ज्याला मान आहे, त्याने त्या दिवशी सर्वांच्या आधी आंघोळ करून देवळात हजर व्हावयाचे असते. घरी अडचण असली तरी सेवा चुकवावयाची नसते. मान पुढे आणि जबाबदारी मागे, अशी रीत देवळात नाही. जबाबदारी पुढे चालते आणि मान तिच्यामागून येतो. शाळेतील छोट्याशा पदाने मुलांच्या मनावर हाच संस्कार कोरला, तर त्या पदाचे सार्थक झाले.

आज ज्यांच्या हाती गौरवपत्र पडत आहे, त्या विद्यार्थ्यांनी निष्पक्षपणे वागावे, दुर्बलांचे म्हणणे निर्भयपणे पुढे मांडावे, श्रमाला लाजू नये, हिशेब स्वच्छ ठेवावा आणि वेळ येताच पद आनंदाने दुसऱ्याच्या हाती द्यावे. त्यांच्या हातून शाळेची, कुळाची, देवस्थानची आणि देशाची उत्तरोत्तर अधिक सेवा घडो, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥